राखणदाराचा वाटा

सहा शब्दांचं एक वाक्य होतं. ते मी एका माणसासमोर बोलायला हवं होतं आणि बोलले नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मी. माझा आवाज तिसऱ्या वर्गापर्यंत जातो म्हणून शेजारच्या वर्गातले मास्तर तक्रार करायचे. पण त्या सहा शब्दांपाशी माझी दातखीळ बसली ती बसलीच. आता कागद पुढ्यात ओढून गुणाजीकाकांविषयी लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाचे गुण गायला काही लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

गुणाजीकाका आमच्या हायस्कुलातले शिपाई. शाळा पेडणे तालुक्यातली, तेरेखोल नदीपासून तासाभराच्या चालीवर. काका मूळचे नदीपलीकडचे, सातार्ड्याच्या बाजूचे. गोवा मुक्त झाल्यावर कामासाठी अलीकडे आले आणि इथलेच होऊन गेले. ठेंगणी मूर्ती, पायांत करकरणाऱ्या चपला, आणि खाकी शर्टाच्या खिशात, जिथे आम्ही मास्तर लोक पेन लावायचो तिथे, फणसाची दोन हिरवी पानं. देठ वर. रोज सकाळी ताजी पानं खोचून यायचे. नवीन लागलेला मास्तर पहिल्या आठवड्यात विचारायचाच, काका, हे काय?

"वाटो खंय ठेवचो पडात, काय सांगाक येता?" काका म्हणायचे.

वाटो म्हणजे वाटा. तो कुठे ठेवावा लागेल हे सांगता येत नाही, म्हणून पान जवळच. हा माणूस कुठलीही खायची वस्तू सबंध खाऊ शकत नसे. केळं सोललं की शेंड्याचा तुकडा आधी कुंपणाच्या भिंतीवर, कावळ्याला. चहाबरोबर पाव आला की पहिला तुकडा खिडकीत. मी नोकरीला लागले त्या वर्षी हेडमास्तरांना नात झाली आणि त्यांनी काकांच्या हातावर एक पेढा ठेवला. काकांनी त्याचे सुरीने सात तुकडे केले आणि फणसाच्या पानावर घालून स्टाफरूममध्ये फिरवले. आम्हांला प्रत्येकी एक पेढा आधीच मिळालेला होता. तरी त्यांचा तो हरभऱ्याएवढा तुकडा सगळ्यांनी मुकाट खाल्ला. नाही म्हणायची सोय नसे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेहून ते खाज्याची पुडी आणायचे तेव्हा तर शाळेच्या फाटकापासून वाटप सुरू व्हायचं. हेडमास्तरांना आणि झाडूवालीला सारखाच तुकडा मिळे.

त्यांच्या घंटेविषयी सांगायला हवं. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा व्हरांड्यात टांगलेला होता, त्यावर लोखंडी दांडक्याने टोला. काका वक्तशीर होते, पण वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या घंटेला मात्र नाही. दांडकं उचलून हात वर धरून उभे राहायचे आणि खिडकीतून वर्गात पाहत राहायचे. कोणीतरी एक पोर खाली मान घालून लिहीतच असायचं. त्याची मान वर आली की मग टोला. अर्धं मिनिट, कधी पाऊण. मी एकदा घड्याळ दाखवून म्हटलं, "काका, हा नियमाचा भंग आहे." माझे विषय इतिहास आणि नागरिकशास्त्र, तेव्हा नियमांवर माझी फार भक्ती.

काका म्हणाले, "बाये, तेका येता. फक्त हातातसून भायर येवक उशीर लागता."

मला ते पटलं नव्हतं. पण टोला उशिरा पडला म्हणून कुणाचं काही बिघडलं असंही कधी झालं नाही.

आमच्या गावाच्या शिवेवर एक सातवणीचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी एक उभा दगड, तो राखणदार. बाहेरगावाहून काही खायचं घेऊन गावात शिरायचं तर त्यातला पहिला घास तिथे ठेवायचा, ही इथली जुनी चाल. आमच्या पिढीपर्यंत ती बरीचशी सुटली होती. काकांची सुटली नव्हती. शाळेची सहल परत यायची तेव्हा ते बस थांबवायचे, खाली उतरायचे, खिशातलं पान दगडापुढे ठेवायचे, त्यावर मुलांच्या डब्यातलं उरलंसुरलं काहीतरी, आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. एकाने देवापुढे विनवणी मांडायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर 'होय म्हाराजा' म्हणायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. ते एकट्यानं होत नाही. 'होय' म्हणणारा कुणीतरी लागतोच. बसमधली चाळीस पोरं खिडक्यांतून 'होय म्हाराजा' ओरडायची आणि रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागायची.

एका वर्षी नवीन हेडमास्तर म्हापशाहून आले. त्यांना ही भानगड आवडेना. बस थांबवायची नाही, असा त्यांनी हुकूम काढला. बस थांबली नाही. आम्ही सगळे चोरून काकांकडे पाहत होतो, आता काहीतरी अघटित व्हायचं म्हणून. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जरा डिवचलं, की काय काका, तुमचा राखणदार गप्पच बसला.

"तो काय मास्तर आसा हजेरी घेवक?" ते म्हणाले. "सकाळी मीच चलत जावन देवन इलंय वाटो."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनी मला एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं. त्यांच्या आईचं माहेर नदीच्या ह्या बाजूला. पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, राज्यात ही हद्द होती, होडीनं उतरलं की नाका. आई टोपलीत भावासाठी काहीबाही घेऊन यायची, तांदळाचे लाडू, आमसुलं. नाक्यावरचा शिपाई टोपली उघडायचा आणि त्यातलं काहीतरी काढून घ्यायचा. लहानगे गुणाजी रडायला लागायचे. आई म्हणायची, रडू नको, प्रत्येक शिवेवर कोणीतरी बसलेला असतो आणि त्याचा वाटा असतो. तो आपल्या हातानं दिला तर वाटा, त्यानं काढून घेतला तर चोरी. तेव्हा आधीच द्यावा. पुढच्या खेपेपासून ती टोपली उघडायच्या आधीच एक लाडू त्या शिपायाच्या हातावर ठेवायची. त्याने मग कधी टोपली उघडली नाही म्हणे.

ही गोष्ट मी तेव्हा हसून ऐकली. ती नीट ऐकायला हवी होती.

काकांना एकच मुलगा, प्रकाश. माझ्याच हाताखाली शिकला. नागरिकशास्त्रात जेमतेम पास, पण गाडी कुठलीही चालवायचा. दहावीनंतर शिरगावच्या खाणीवर मातीचे ट्रक चालवू लागला. लाल धुळीनं भुवयासुद्धा लाल झालेल्या अवस्थेत दर रविवारी घरी यायचा. मग कोणीतरी ओळखीनं त्याला मस्कतला नेलं, मोठी वाहनं चालवायला. काकांची बायको आधीच गेली होती. काका एकटेच राहिले, पण पोराचं बरं चाललंय ह्या आनंदात होते. तीन वर्षांनी प्रकाशनं तिकीट पाठवलं, मे महिन्याच्या सुट्टीत येऊन जा म्हणून. नेमकी त्याच सुट्टीत मी मस्कतला माझ्या भावाकडे निघाले होते. प्रकाशनं फोन केला, "टीचर, बाबांक तुमच्याबरोबर हाडा. तेंका एकटे सोडलां तर ते विमानातय कावळ्यांक घास घालतले."

जाताना काही घडलं नाही. मस्कतमध्ये मी भावाकडे राहिले, काका मुलाच्या खोलीवर. दोनतीनदा भेट झाली तेव्हा प्रकाश वैतागलेला दिसायचा. शहराबाहेरच्या माळावर कुठल्याशा झाडाखाली काकांनी गाडी थांबवायला लावून खजूर ठेवला होता आणि पोराला 'होय म्हाराजा' म्हणायला लावलं होतं, त्याच्या सोबत्यांदेखत. "टीचर, हयसर सगळे हसतत माका," तो म्हणाला. पण हे सांगतानाही तो बापाच्या सदऱ्याची कॉलर सरळ करत होता. दोघांचा फार जीव होता एकमेकांवर.

काकांना तिथला हलवा फार आवडला. मऊ, चकचकीत, गुलाबपाण्याचा वास येणारा. तिथे म्हणे पाहुण्यांपुढे एकच वाडगं ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. हे ऐकून काका खूश झाले. ही माणसं आपल्यातली, म्हणाले. निघताना त्यांनी हलव्याचा एक मोठा डबा घेतला, गावासाठी. आणि एक अगदी छोटा डबाही घेतला. तो कोणासाठी, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

माझं लक्ष केशराकडे होतं. भावाच्या शेजारणीनं मला बाजारात नेलं होतं, आणि माझ्या मुलीचा साखरपुडा पुढच्या महिन्यात होता. व्याह्यांकडे, नणंदांकडे, जावांकडे एकेक डबी दिली तर किती शोभेल, असं म्हणता म्हणता डझनभर डब्या झाल्या. एकदोन डब्यांना कोणी विचारत नाही, जास्त नेलंत तर विचारतात, असं शेजारीण म्हणाली. खरा नियम काय तो मी विचारलाच नाही. विचारला असता तर पाळावा लागला असता. निघायच्या दिवशी प्रकाश आम्हां दोघांना विमानतळावर सोडून कामावर गेला. काका हात धुवायला गेले. त्यांची कापडी पिशवी माझ्याजवळ होती. मी त्यातला हलव्याचा मोठा डबा उचलला, खाली केशराच्या डब्या एका फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि डबा वर बसवला. खाकी पँटीतल्या म्हाताऱ्या शिपायाची कापडी पिशवी कोण उघडणार? हा माझा हिशेब. दोन मिनिटांचं काम. काका आले, पिशवी उचलली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्याला लावली.

त्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. पण विचारायचं म्हणजे त्यांना कारण सांगावं लागलं असतं, आणि नागरिकशास्त्राच्या बाईला ते सांगता आलं नसतं.

आमच्याकडच्या विमानतळावर उतरलो. सामान घेऊन कस्टमच्या वाटेनं निघालो. मी पुढे, ढकलगाडी घेऊन, कोणी थांबवू नये अशा ताठ मानेनं. कोणी थांबवलंही नाही. दारापर्यंत पोचले आणि मागे वळून पाहिलं तर काका मागे नव्हते. ते आपण होऊन टेबलापाशी गेले होते. तिथे एक तरुण अधिकारी बसला होता, उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. काकांनी त्याच्यापुढे पिशवी ठेवली, खिशातून फणसाचं पान काढलं (मस्कतपर्यंत जाऊन आलेलं, सुकून तपकिरी झालेलं), त्यावर छोट्या डब्यातला हलवा उलटा केला, पान त्या पोराच्या कागदांवर ठेवलं आणि हात जोडून डोळे मिटले.

गाऱ्हाणं सुरू झालं होतं.

त्यांच्या लेखी ती शीव होती आणि तो राखणदार. त्याने मागायच्या आत त्याचा वाटा द्यायचा होता. तो छोटा डबा मस्कतहून त्याच्यासाठीच आणलेला. पण त्या पोराला बिचाऱ्याला काय दिसलं असेल? एक म्हातारा पिशवी तपासायच्या आधीच खायला घालतोय. जगात असं कोण का करतं, हे त्याला शिकवलेलंच असणार. त्याने पान बाजूला सारलं, "ये किसलिए?" असं चढ्या आवाजात विचारलं, वरच्या साहेबाला बोलावलं, आणि पिशवी उघडली. त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

हलव्याचा डबा बाहेर आला. मग फडकं. मग डब्या एकामागून एक टेबलावर. बारा.

"किसका है ये?"

मी दाराशी होते. पंधरा पावलांवर. काकांनी डब्यांकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर मी कदाचित पुढे गेले असते. ते नुसते पाहत होते. मी नजर काढली, ढकलगाडीचा दांडा घट्ट धरला आणि दाराबाहेर पडले. बाहेर पडता पडता मागून त्यांचा आवाज ऐकला.

"माजां."

बाहेर टॅक्सी ठरवलेली होती, गावातलाच ड्रायव्हर. मी आत बसून राहिले. मनाशी म्हणत राहिले की आता जाते, आता जाते. मुलीचा साखरपुडा डोळ्यांपुढे आला, शाळेत काय म्हणतील ते डोळ्यांपुढे आलं. वयस्कर माणसाला कोण काय करणार, सोडतील, असंही म्हणून पाहिलं. दोन तासांनी काका आले. केशर ठेवून घेतलं होतं. कुठल्याशा वहीत त्यांचं नाव, गाव लिहून सही घेतली होती. हलव्याचा मोठा डबा त्यांच्या हातात होता आणि छोट्या डब्यात तो नाकारलेला हलवा त्यांनी पानासकट परत भरून आणला होता.

"बाये, उशीर झालो," गाडीत बसत ते म्हणाले. "चाय तरी घेतलंस मां?"

एवढंच. मांडवी ओलांडली, म्हापसा गेलं, कोलवाळचा पूल गेला, तरी ते त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. मी केशराच्या ऐवजी हवेविषयी बोलत होते. गावाच्या शिवेवर त्यांनी गाडी थांबवली. सातवणीखाली हलवा ठेवला. ड्रायव्हर उतरला म्हणून मलाही उतरावं लागलं.

"बा राखणदारा म्हाराजा," काका म्हणाले, "तुझी लेकरां परमुलखात जावन सुखरूप परत इली आसत, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," ड्रायव्हर आणि मी.

"तेंनी हो वाटो ठेवलो आसा, तो मान करून घी, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि वाटेत कोणाच्या हातान नकळत काय चूक घडली आसात, तर ती पोटात घाल, रे म्हाराजा."

ड्रायव्हर 'होय म्हाराजा' म्हणाला. मीही म्हणाले. नकळत नव्हतं ते. मी दगडासमोर उभी राहून आणखी एक खोटं बोलले, तेही हात जोडून.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. ड्रायव्हरला त्या दोन तासांत विमानतळावरच्या हमालांकडून कळलं होतं, त्याच्याकडून गावात बातमी फुटली, शाळा उघडली तेव्हा मास्तर लोक काकांना 'केशरवाले' म्हणू लागले. थट्टाच होती, प्रेमानंच. काका हसायचे. त्यांनी स्टाफरूममध्ये हलवा वाटला, मला सगळ्यांएवढाच तुकडा दिला, तीळभर कमी नाही की जास्त नाही. तो गिळताना मला पाणी लागलं. छोट्या डब्यातला हलवा त्यांनी महिनाभर सांभाळून ठेवला. विमानतळाकडे जाणारा कोणी भेटला की विचारायचे, "त्या नाक्यावरच्या पोराचो वाटो रवलो आसा, पोचवशात?" कोणी नेला नाही. शेवटी तो कावळ्यांना गेला.

पण प्रकाशला हे हसण्यावारी नेता आलं नाही. त्याच्या कानावर मस्कतमध्ये गेलं ते असं, की बापानं लपवून केशर नेलं आणि पकडला गेला. त्याने फोनवर विचारलं तर बाप म्हणाला, होय, माझंच. प्रकाशला लाज वाटली आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मागितलं असतं तर मी दिलं नसतं का, हे त्याचं म्हणणं. माझ्यापाशी लपवलं का? त्यानंतर त्यांच्या फोनवरच्या बोलण्यातला जुना सूर गेला, हे काका न सांगताही मला कळत होतं. पुढे प्रकाशचं लग्न झालं, बायको तिकडे गेली, तिला दिवस गेले. त्याने पुन्हा तिकीट पाठवायची तयारी दाखवली. काका नाही म्हणाले.

मी समजवायला गेले. मीच! "काका, जा. नातवाचं तोंड बघा."

"माजां नाव थयसर लिवलेलां आसा, बाये. शिवेर नाव लिवलेल्या माणसान परत ती शीव ओलांडूची नाय."

"वहीत नाव लिहिलं म्हणून काही होत नाही हो."

"तुजां लिवलेलां नाय म्हणान तुका तसां दिसता," ते म्हणाले. टोमणा मारायची त्यांची रीत नव्हती. त्या दिवशी मी त्यांना कायदा समजावून सांगितला, वहीचा अर्थ समजावून सांगितला, तासभर सगळं खरं बोलले, एक गोष्ट सोडून. नातू तिकडे झाला. तो चालायला लागला, बोलायला लागला. काकांनी त्याला फोटोत पाहिला. प्रकाश दोन वर्षांनी एकदा, पंधरा दिवसांसाठी यायचा, आणि बापलेक अंगणात दोन खुर्च्यांवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे.

मुलीचं लग्न झालं, मी निवृत्त झाले, काका तर माझ्या आधीच. रात्री झोप लागत नाही वगैरे मी म्हणणार नाही, झोप लागायची. पण कुणाच्या घरी केशर घातलेलं श्रीखंड वाढलं की माझा घास अडकायचा आणि सगळे विचारायचे, आवडलं नाही का?

काकांना दम लागायला लागला त्या हिवाळ्यात मी एकदाची ठरवून गेले. सकाळची वेळ होती. प्रकाश रजेवर आलेला, आत चहा करत होता. काका अंगणातल्या खुर्चीवर शाल पांघरून बसले होते. खिशात पान होतंच. मी बसायचा मोडा ओढून जवळ बसले आणि हळू आवाजात म्हटलं, "काका, ते केशर माझं होतं."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"विमानात चढलंय तेव्हापसून. हलव्याच्या डब्याखाली केशराचो वास येय होतो. तोच वास तुझ्या पर्सीक."

म्हणजे टेबलापाशी गेले तेव्हा त्यांना माहीत होतं. तरी वाटा द्यायचं चुकवलं नाही. मी विचारलं, "मग गाऱ्हाण्यात 'नकळत' का म्हणालात?"

त्यांनी थोडा श्वास घेतला. "कळान केला म्हणान सांगला तर राखणदाराक शिक्षा देवची पडता, बाये. तेकाय जड जाता. म्हणान पयल्या खेपेक नकळतच म्हणतत."

मला रडू आलं. मी म्हटलं, काका, प्रकाशला मी सांगते, आत्ता सांगते. तेवढ्यात प्रकाश चहाचे पेले घेऊन बाहेर आला. माझे डोळे पाहून घुटमळला, पेले कठड्यावर ठेवले आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चाळिशीकडे झुकलेला, बापासारखाच ठेंगणा. बापाकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावर ती सवयीची, जुनी नाराजी होती. ती मी तिथे ठेवली होती आणि मीच ती उचलू शकत होते.

काका म्हणाले, "प्रकाशा, टीचर गाऱ्हाणां घालतली. माका आता एका दमात जमणा नाय. तू आणि मी होय म्हणाया." आणि माझ्याकडे वळून, "सांग, बाये. तुजां तू सांग."

सातवणीचं झाड तिथून दिसत होतं. मी हात जोडले. शब्द मला पाठ होते, इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलेले.

"बा राखणदारा म्हाराजा, तुझी लेकरां तुज्यापुढे उभी आसत, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," बापलेक म्हणाले.

"तेंच्या घरादाराक, पोराबाळांक सांबाळ, रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि माज्या हातान..." इथपर्यंत आले. प्रकाशनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझा विद्यार्थी. सहा शब्द होते. ते केशर बाबांचं नव्हतं, माझं होतं. तोंडात तयार होते.

"माज्या हातान नकळत काय चूक घडली आसात, तर ती पोटात घाल, रे म्हाराजा."

प्रकाश लगेच 'होय म्हाराजा' म्हणाला आणि चहाचा पेला उचलायला वळला.

काकांनी म्हटलं नाही. जोडलेले हात छातीपाशी तसेच धरून ते माझ्याकडे पाहत थांबले होते. परीक्षेच्या शेवटी दांडकं वर धरून खिडकीतून पाहायचे, तसे. त्यांना दम लागत होता, तरी थांबले होते. अर्धं मिनिट, कदाचित पाऊण. मी खाली मान घातली.

मग ते हळूच म्हणाले, "होय म्हाराजा."